साटोऱ्यांचं पान उघडेपर्यंत

[वर्सोव्याचा किनारा, ओहोटीची वेळ.]

फोनवर साइट उशिरा का उघडते आणि लवकर कशी उघडेल, हे पाहायला सुरुवात इथून करू. मुंबईचं इंटरनेट अशा किनाऱ्यांवरून शहरात शिरतं. वर्सोव्याच्या वाळूखालून समुद्रातल्या केबल वर येतात आणि पुढे डेटा सेंटरपर्यंत जातात. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. ऐकायला अफाट वाटतं. पण मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया हे अंतर सरळ रेषेतच १३ हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. तिकडे निरोप जाऊन उत्तर परत यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. मोबाइलचं नेटवर्क आपला वेळ घेतं तो वेगळाच. घरी फायबर घ्या, हातात ५जी घ्या, समुद्रापलीकडची ही फेरी तेवढीच राहते. महागड्या पॅकमुळे एका वेळी जास्त डेटा येतो, पण पहिला थेंब लवकर येत नाही.

[मोबाइलची स्क्रीन. बोट एका लिंकवर टेकतं. पांढरं पान.]

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणारी एक साधी साइट समजू. दुकान गिरगावात, गिऱ्हाईक डोंबिवलीच्या लोकलमध्ये, आणि स्वस्तात मिळालं म्हणून होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेला सर्व्हर, व्हर्जिनियात. लिंक दाबली की फोन आधी पत्ता शोधतो. मग सर्व्हरशी जोडणी करतो, ही एक फेरी. मग कुलूपकिल्लीची बोलणी होतात: जोडणी सुरक्षित करणारी टीएलएस ही पद्धत १.३ आवृत्तीची असेल तर एक फेरी, जुनं १.२ असेल तर दोन. मग पान मागायचं, आणखी एक. सगळं सुरळीत असलं तरी तीन फेऱ्या, म्हणजे ६०० मिलिसेकंद गेले, आणि स्क्रीनवर अक्षरसुद्धा नाही.

त्यात रीडायरेक्टची भर. पिशवीवर छापलेला पत्ता एचटीटीपीचा, तो एचटीटीपीएसकडे पाठवतो, तो पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्याकडे. प्रत्येक वळणावर नवी जोडणी आणि त्या फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून. यावरचा उपाय फुकट आहे. वॉट्सॲपवर फिरणारी लिंक, इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलमधली लिंक आणि पिशवीवरचा क्यूआर कोड, तिन्ही ठिकाणी शेवटचा, खरा पत्ताच टाका.

दुसरा उपाय सर्व्हर जवळ आणण्याचा. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत क्लाउडची केंद्रं सुरू केली, त्यामुळे आता मुंबईतल्या गिऱ्हाइकासाठी मुंबईतच सर्व्हर घेणं अवघड नाही. होस्टिंग बदलायचं नसेल तर सीडीएन लावा, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा. मात्र बरेच जण सीडीएनवर फक्त फोटो ठेवतात आणि मूळ पान व्हर्जिनियाहूनच येत राहतं. मग फोटो जवळ असून उपयोग काय? पान आल्याशिवाय फोनला फोटोंचा पत्ताच कळत नाही.

[फोटोंची यादी. प्रत्येक फाइलसमोर तिचं वजन.]

आता वजनाकडे वळू. फोनने काढलेला चकलीचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, सुमारे ४ एमबीचा असतो. नेटवर्क मंदावून सेकंदाला १.६ मेगाबिटवर आलं, आणि धावत्या लोकलमध्ये ते येतंच, तर तो एक फोटो उतरायला २० सेकंद लागतात. तेवढ्यात स्टेशन मागे पडतं. बऱ्याच फोनची स्क्रीन सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) मापात ३६० पिक्सेलच्या आसपास रुंद असते. प्रत्यक्ष ठिपके त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे ७२० ते १०८०. उरलेले पिक्सेल गिऱ्हाईक स्वतःच्या डेटातून मागवतं आणि फोन ते फेकून देतो.

एकाच फोटोच्या ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल रुंदीच्या तीन प्रती करा, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या स्वरूपांत. पानाच्या कोडमध्ये फोटोला एसआरसीसेट (प्रतींची यादी) आणि साइझेस (फोटो किती रुंद दिसणार ते) लिहिलं की फोन आपल्या मापाची प्रत उचलतो. ८०० रुंदीची वेबपी प्रत, गुणवत्ता ७५, बहुतेक वेळा १०० केबीच्या आत बसते. त्याच मंद नेटवर्कवर ती अर्ध्या सेकंदात येते. साइझेस लिहायला विसरलात तर ब्राउझर फोटो स्क्रीनभर रुंद आहे असं धरून चालतो, आणि शेजारी-शेजारी दोन फोटोंच्या ग्रिडमध्येही मोठी प्रत ओढतो.

पान उघडताच दिसणाऱ्या सगळ्यात मोठ्या फोटोची बात वेगळी. तो, किंवा मजकुराचा मोठा तुकडा, स्क्रीनवर कधी उमटला हे गूगलचा एलसीपी हा निकष मोजतो. २.५ सेकंदांच्या आत उमटला तर चांगलं, ४च्या पुढे गेला तर वाईट. नेमक्या याच फोटोवर अनेक प्लगइन लोडिंग लेझी लावून मोकळे होतात. लेझी म्हणजे पानाची मांडणी ठरेपर्यंत थांब. खाली स्क्रोल करून दिसणाऱ्या फोटोंना ते ठीक आहे. वरच्या फोटोचं लेझी काढा आणि त्याला फेचप्रायॉरिटी हाय, म्हणजे ‘हा आधी आण’ अशी सूचना, द्या. तो सीएसएसच्या बॅकग्राउंडमध्येही लपवू नका, कारण पान येताच फाइली हुडकणाऱ्या ब्राउझरच्या स्कॅनरला तो तिथे सापडत नाही. आणि आपोआप सरकणारा स्लायडर? काढून टाका. त्याची दुसरी पाटी बघायला थांबायला कोणाला सवड आहे?

[पडद्यावर मोठ्या अक्षरांत: साटोऱ्या.]

मराठी साइटची एक खास अडचण म्हणजे फॉन्ट. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या यांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा कितीतरी मोठी होते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने घडवलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट घ्या. त्याची सात वजनं मिळतात आणि पुष्कळ साइट सातही मागवतात. साधं आणि ठळक, दोन पुरतात. फाइल वूफ२ या दाबून लहान केलेल्या स्वरूपात द्या.

फाइल आणखी छाटायची तर फॉन्टटूल्स या सॉफ्टवेअरमधलं सबसेट करणारं, म्हणजे हवी तेवढीच अक्षरं ठेवणारं, साधन आहे. पण इथे कात्री जपून चालवायची. युनिकोडमधला, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमांकांमधला, देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा अख्खा पट्टा ठेवा. हिंदी मजकूर समोर ठेवून छाटणी केली तर ऱ हे अक्षर उडतं. मग साटोऱ्यामधला शेवटचा जोड फोनच्या दुसऱ्याच फॉन्टमधून येतो आणि शब्दाला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. लेआउट फीचर, म्हणजे अक्षरं जोडायचे फॉन्टमधले नियम, उडाली तर करंज्यामधला ज पाय मोडून य-पासून वेगळा उभा राहतो. आणि हमखास विसरतो तो रुपया: ₹ हे चिन्ह देवनागरीच्या पट्ट्यात नाही, २०बी९ वर आहे. ते वेगळं मागावं लागतं. जोड नियंत्रित करणारी २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी चिन्हंही घ्या.

फॉन्ट येईपर्यंत क्रोम ३ सेकंदांपर्यंत मजकूर दाखवतच नाही. फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप लिहिलं की फोनमधल्या फॉन्टमध्ये अक्षरं लगेच दिसतात. मात्र दोन्हींची उंची जुळली नाही तर अदलाबदलीच्या वेळी ओळी खालीवर हलतात. साइझ-ॲडजस्टने ती जुळवून घ्यायची.

ही हालचाल मोजणारा आकडा सीएलएस. ०.१च्या आत हवा. ‘गिरगाव-दादर डिलिव्हरी मोफत’ ही पट्टी दोन सेकंदांनी वरून टपकते, यादी खाली ढकलली जाते आणि चिवड्यावर जाणारं बोट शंकरपाळ्यांवर पडतं. पट्टीची जागा आधीच राखा, प्रत्येक फोटोला विड्थ आणि हाइट लिहा.

[‘पिशवीत टाका’ हे बटण. बोट दाबतं. काहीच हलत नाही. बोट पुन्हा दाबतं.]

पान दिसतंय, पण दाद देत नाही. ब्राउझरचं बहुतेक काम एकाच मुख्य धाग्यावर चालतं. तिथे एखादं जावास्क्रिप्ट ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त ठाण मांडून बसलं की बोटाचा निरोप रांगेत थांबतो. हे मोजणारा आयएनपी मार्च २०२४पासून गूगलच्या मुख्य तीन निकषांत आला. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगला, ५००च्या पुढे वाईट. बटण दाबताच आधी त्याचा रंग बदला, मग धागा मोकळा सोडा, आणि हिशेब, ट्रॅकिंग वगैरे त्यानंतर करा. नाहीतर गिऱ्हाईक दोनदा दाबतं आणि एक किलो चिवड्याचे दोन होतात. सर्व्हरनेही तीच ऑर्डर दुसऱ्यांदा आली हे ओळखायला हवं.

दोषी बहुधा बाहेरून आणलेल्या स्क्रिप्ट असतात: जाहिरातीसाठी माग ठेवणारे पिक्सेल, बोट कुठे पडतं ते टिपणारे हीटमॅप, कोपऱ्यातला चॅटचा फुगा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क पॅनलमध्ये एकेक ब्लॉक करून पुन्हा मोजा, कोण किती खातं ते कळेल. चॅटच्या फुग्याऐवजी वॉट्सॲपची साधी लिंक ठेवली तर एकही स्क्रिप्ट लागत नाही, आणि मुंबईत लोक ऑर्डरचं बोलायला तिथेच येतात.

सर्व्हरचं थोडक्यात. लिंक दाबल्यापासून ०.८ सेकंदात पहिला बाइट फोनवर पोचायला हवा. दर वेळी डेटाबेसला विचारून तेच पान बांधण्यापेक्षा बांधलेलं पान कॅशमध्ये, म्हणजे तयार साठ्यात, ठेवा. मजकूर दाबून लहान करणारं ब्रॉटली किंवा जीझिप चालू आहे का ते पाहा: यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे न दाबलेलं मराठी पान उगाच फुगतं. फोटो आणि फॉन्टच्या नावात आवृत्तीचा कोड घालून त्यांना वर्षभराची कॅश द्या. पानाला देऊ नका, नाहीतर भाव वाढल्यावरही गिऱ्हाइकाला जुनाच भाव दिसेल.

[केबलने लॅपटॉपला जोडलेला मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन.]

ऑफिसच्या वायफायवर, लॅपटॉपवर क्रोममधल्या लाइटहाउस या चाचणीने ९५ गुण दिले म्हणून खूश होऊ नका. साधा अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, रिमोट डीबगिंग (फोनवरचं पान लॅपटॉपवरून तपासायची सोय) चालू करा आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर मोजा. खऱ्या गिऱ्हाइकांचे आकडे गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर दिसतात. ते सरासरीचे नसतात, ७५व्या शतमानाचे असतात: दर चार भेटींपैकी तीन तरी तेवढ्या किंवा त्याहून चांगल्या. साइट लहान असेल तर तिथे आकडेच येत नाहीत. मग वेब-व्हायटल्स ही छोटी लायब्ररी लावून ते स्वतः गोळा करावे लागतात.

पेजस्पीडमधले हे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात. आज फोटो हलके केले तरी उद्या आलेख हलणार नाही, जुने दिवस गळत जातील तसा तो हळूहळू उतरेल. म्हणून फराळाच्या साइटचं हे काम गणपती विसर्जन झालं की लगेच हाती घ्यायचं, नवरात्रात आकडे पाहायचे, आणि ऑर्डरींची झुंबड सुरू झाली की साइटला हात लावायचा नाही. अपवाद एकच. दुकानातलं कोणीतरी फोनवरून नवा फोटो चढवणारच, तेव्हा चढवतानाच तो १२०० पिक्सेलवर आपोआप छाटला जाईल, अशी सोय आधीच करून ठेवायची.