इव्हँगेलियन कुठे चकवतं

[दृश्य: उंच इमारतींमध्ये उभं जांभळं इव्हा. पाठीतली केबल जवळून.]

निवेदन:

इव्हा म्हणजे ‘इव्हँगेलियन’ या जपानी मालिकेतला, दिसायला तरी, महाकाय यंत्रमानव. आत बसून पायलट तो चालवतो. ही केबल त्याच्या पाठीत आहे तोवर विजेची चिंता नाही. ती निघाली की आतल्या बॅटरीवर ५ मिनिटं, आणि पूर्ण ताकद लावली तर १ मिनिट. तिसऱ्या भागात शत्रू नेमकी केबलच कापतो आणि उलटी मोजणी सुरू होते. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो अल्ट्रामॅन या जपानी टीव्ही नायकाचे जुने भक्त. त्या बिचाऱ्याला तर ३च मिनिटं मिळायची.

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’. गायनॅक्स स्टुडिओची २६ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, टीव्ही टोकियोवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६. अगम्य म्हणून तिचा लौकिक आहे. खरं तर ती नियम अगदी चोख सांगते, फक्त त्यामागचं कारण फार उशिरा सांगते, तेही एखाद्या ओझरत्या वाक्यात. ते वाक्य निसटलं की पुढचा पत्ता लागत नाही.

[दृश्य: नळी मणक्यात शिरते. नारिंगी द्रव चढत जातो.]

पायलटची जागा म्हणजे इव्हाच्या मणक्यात घुसवलेली एक नळी. तिच्यात एलसीएल नावाचा द्रव भरतात आणि पायलट तोच फुप्फुसात घेऊन श्वास घेतो. मग मोजला जातो सिंक रेट, म्हणजे पायलट आणि इव्हा किती जुळले ते. तो जितका जास्त तितकी हालचाल चपळ, पण इव्हाचा हात मोडला तर कळ पायलटलाच. साध्या यंत्राला हे सगळं कशाला लागेल? हा प्रश्न पहिल्याच लढाईत पडायला हवा.

उत्तर मिळतं एकोणिसाव्या भागात. बॅटरी शून्यावर येते, पायलट शिंजी आतून ओरडत राहतो, आणि इव्हा आपणहून उठतं. शत्रूला अक्षरशः खातं, त्याचं एस-टू इंजिन, म्हणजे न संपणाऱ्या ऊर्जेचा स्रोत, स्वतःत घेतं. तेव्हा इव्हाच्या शास्त्रज्ञ डॉ. रित्सुको खुलासा करतात की हे चिलखत संरक्षणासाठी नव्हतंच. आतल्या जिवाला आवरून धरायला होतं. यंत्रमानवांच्या मालिकेत यंत्रमानव नव्हताच! आणि शिंजीची आई युई, जी २००४ साली याच इव्हाच्या चाचणीत नाहीशी झाली, ती आतच आहे. पुढचे दोन भाग हेच उलगडतात.

दुसरी फसगत इव्हा बाळगणाऱ्या नर्व्ह या संस्थेच्या तळघरातली. पंधराव्या भागाच्या शेवटी क्रूसावर खिळलेला पांढरा महाकाय दिसतो आणि तो ॲडम, म्हणजे शत्रूंचा मूळपुरुष, असल्याचं सांगितलं जातं. चोविसाव्या भागात माणसाच्या रूपातला शत्रू काओरू त्याच्यासमोर येतो आणि एका दमात ओळखतो, ही तर लिलिथ, माणसांची मूळमाता. सबटायटल वाचताना डुलकी लागली, तर शेवटाचा काहीच मेळ लागणार नाही. क्रूसांचे अर्थ मात्र खणत बसू नका. इतर यंत्रमानव मालिकांपेक्षा वेगळं दिसावं म्हणून ती चिन्हं घेतली, असं सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनीच सांगितलेलं आहे.

[दृश्य: लिफ्ट. दुसऱ्या दोन पायलट, आसुका आणि रेई. शांतता.]

बाविसाव्या भागातलं हे दृश्य सुमारे ५० सेकंद जवळजवळ हलत नाही. टीव्ही ॲनिमेत सेकंदाला साधारण ८ चित्रं धरली, तर इथे चारेकशे चित्रं काढायची वाचली. वेळ आणि साधनं, दोन्ही आटत चालली होती. पण दोघींमधला अवघडलेपणा याहून नेमका कुणी दाखवला असेल असं वाटत नाही. पंचविसाव्या-सव्विसाव्या भागात तर कच्ची रेखाटनं, छायाचित्रं आणि खुर्चीत बसलेला शिंजी एवढंच उरतं. लढाईचा निकाल पडद्यावर येतच नाही.

तो येतो १९ जुलै १९९७च्या ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ या सिनेमात. त्याचे दोन तुकडे, त्यांनाही क्रमांक २५ आणि २६ असेच. म्हणून पुष्कळ जण मालिकेतले शेवटचे दोन भाग गाळतात. गाळू नका. तिथे शिंजीच्या मनात चाललेलं दिसतं, सिनेमात बाहेर काय घडलं ते. एकाशिवाय दुसरं अर्धवट वाटतं. आणि सिनेमाच्या मध्येच श्रेयनामावली येते. उठू नका, अर्धा सिनेमा बाकी आहे.

तेव्हा १ ते २६ सलग पाहा. २१ ते २४ या भागांच्या वाढीव दृश्यांच्या आवृत्त्या मिळाल्या तर त्याच घ्या, कारण युई आणि शिंजीचे वडील गेन्दो यांचा बराच पूर्वेतिहास तिथे आहे. चौदाव्या भागाचा पूर्वार्ध उजळणीचा, पण उत्तरार्ध नवा. भाग उडवू नका. मग ‘एंड’. मार्च १९९७चा ‘डेथ अँड रीबर्थ’ सोडला तरी चालेल: पहिला अर्धा भाग उजळणी, दुसरा ‘एंड’चीच सुरुवात.

हीच कथा नव्याने सांगणारे २००७ ते २०२१ मधले चार ‘रीबिल्ड’ सिनेमे सर्वांत शेवटी. पहिला जवळपास सुरुवातीचे ६ भागच, त्यामुळे नवखे तिथून सुरुवात करतात. दुसऱ्यात वाट फुटते, तिसरा थेट १४ वर्षं पुढे उडी मारतो, आणि शिंजीला कुणीच काही नीट सांगत नाही. मूळ मालिका पाहिलेल्यालाही तिथे पहिला अर्धा तास जड जातो.