बनगावचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत जवळजवळ १ कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा १५ लाखांच्या घरात, आणि तिथे आलेले निर्वासित जवळपास तेवढेच!

अशा वेळी सरकारनं आधी काय करावं? मला विचाराल तर नोंद. सीमेवर नाव लिहिलं गेलं, हाती शिधापत्रिका आली, की त्या माणसाच्या वाट्याचं धान्य छावणीत येतं. खर्चाचा भार केंद्रानं उचलला. त्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. आणि सुमारे ३० लाख माणसांना तर छावण्यांबाहेर, नातेवाईकांनी आणि ओळखीपाळखीच्यांनीच घरात घेतलं होतं, हे विसरून चालणार नाही.

धान्य पोचलं, तरी पावसाळ्यात कॉलरा पसरलाच. बंगालमधल्या बनगावच्या छोट्या रुग्णालयात रोगी जमिनीवर दाटीवाटीनं पडलेले, आणि सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवला, नळ लावलेल्या पिंपांत भरला आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं: पेल्यानं पाजत राहा. तोंडावाटे दिलेल्या पाण्यानं कॉलरा आटोक्यात येईल, यावर तेव्हा बहुतेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता. पण ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

मला यात औषधाइतकीच मोलाची वाटते ती कामाची वाटणी. परिचारिका मोजक्या, रोगी शेकड्यांनी. तिथे आई, बहीण, शेजारीण हीच रुग्णालयाची माणसं झाली. निर्वासितांना नुसतं रांगेत उभं करणारी व्यवस्था हे मनुष्यबळ वाया घालवते, आणि त्याची किंमत जिवानं मोजावी लागते. शिधावाटप असो, स्वच्छता असो की मुलांची शाळा, छावणीतल्याच माणसांना पहिल्या आठवड्यापासून कामात घ्यायला हवं.

डिसेंबरात युद्ध संपलं. जानेवारी १९७२ पासून निर्वासित परतू लागले आणि मार्चअखेरपर्यंत बहुतेक सगळे गेले. मात्र याचं श्रेय छावण्यांच्या कारभाराला देता येणार नाही. त्यांचा देश स्वतंत्र झाला होता.