ड्रिल मशीन सापडतं, चावी सापडत नाही

(वडोदऱ्यात मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विजेची हत्यारं आणि त्यांचं बारीकसारीक सामान घरात कसं ठेवावं, या विषयावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कपाट लोखंडी घ्यावं की प्लायचं करून घ्यावं? कपाटाचं नंतर बघू. आधी एकेक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, ही कशानं खराब होते? दमटपणानं, उष्णतेनं, आपटून, की दुसऱ्या कशात मिसळून? ते कळलं की तिची जागा ठरवायला फारसा वेळ लागत नाही.

जुन्या सुताराच्या पेटीत रंधा, पटाश्या, करवत, गिरमिट असायचं. त्यांना भीती गंजाची आणि धार जाण्याची. तेलाचं फडकं आणि जाड कापडाची गुंडाळी एवढ्यावर भागत होतं. सयाजीराव महाराजांनी आपल्या गावात कलाभवन काढलं १८९० साली. विजेवर चालणारं हातातलं ड्रिल जगात यायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं ते १८९५ मध्ये केलं, वजन साडेसात किलो. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका यांचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला मिळालं १९१७ मध्ये. तेव्हापासून मशीन हलकं होत गेलं आणि त्याचा लवाजमा वाढत गेला. चकची, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याची चावी, बाजूची मूठ, खोली मोजायची दांडी, भोकं पाडायची बिट्स, मोटरला वीज पोचवणारे आणि घासून झिजणारे जादा कार्बन, ग्राइंडरचा तो दोन खुंट्यांचा पाना. एवढं मोठं मशीन कुणाचं हरवत नाही. काम अडतं ते या बारक्या वस्तूंपायी.

ग्राइंडरपासून सुरू करू, कारण त्याच्या चकत्यांची सगळ्यात जास्त हेळसांड होते. (आपले कारागीर त्याला ‘ग्लेंडर’ म्हणतात, आणि मला ते जास्त आवडतं.) लोखंड कापायची पातळ चकती अपघर्षक दाणे रेझिनमध्ये बांधून, आत जाळी घालून केलेली असते. रेझिनला ओल लागली की पकड सैल होते. म्हणून या चकत्यांना मुदत असते, साधारणपणे तयार झाल्यापासून तीन वर्षं. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. घरी गेल्यावर जरूर बघा, बऱ्याच जणांच्या हे कधी लक्षातच आलेलं नसतं. आपण ती चकती खिळ्याला अडकवतो, नाहीतर मशीन तिच्यावरच टेकवून ठेवतो. ती वाकते किंवा तिला बारीक तडा जातो, आणि मग आपण ती मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांनी फिरवतो. चकत्या सपाट फळीवर, आडव्या, झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. वर जड काही नको. पडलेली चकती चांगली दिसली तरी पुन्हा लावायची नाही. एका चकतीची किंमत किती आणि डोळ्याची किती, हा हिशेब मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा घोटाळा भोकाचा. ग्राइंडरच्या १०० मिलिमीटर चकतीचं भोक १६ मिलिमीटर असतं. मार्बल कटरचं पातं ११० मिलिमीटरचं आणि भोक २०. दोन्ही एका डब्यात असली की घाईत कुणीतरी कटरचं पातं ग्राइंडरवर चढवतो. मध्ये घालायची कडी सापडत नाही, पातं केंद्र सोडून बसतं, आणि पातं मोठं म्हणून गार्डही काढला जातो. हे दोन डबे वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या फळीवर हवेत.

राऊटरच्या, म्हणजे लाकडात खाचा आणि नक्षी कोरणाऱ्या मशीनच्या, बिटांचं याहून नाजूक आहे. काही बिटांचा दांडा ६ मिलिमीटरचा असतो, काहींचा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. डोळ्याला फरक दिसत नाही. पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे दांडा आवळून धरणाऱ्या नळीत, सहाचा दांडा घातला तर तो नीट आवळला जात नाही आणि कामाच्या मधेच सरकतो. यांना वेगवेगळे लाकडी ठोकळे करा, त्यांत भोकं पाडून बिटं उभी ठेवा. ठोकळ्यावर आकडा मार्करनं लिहू नका, पटाशीनं कोरा, कारण मार्कर पुसला जातो. बिटांच्या टोकाचं कार्बाइड कठीण पण ठिसूळ असतं. खणात एकमेकांवर आपटून त्याचे टवके उडतात.

हॅमरची, म्हणजे ठोके देत काँक्रीटमध्ये भोक पाडणाऱ्या ड्रिलची, खाचांच्या दांड्याची एसडीएस बिटं त्यामानानं दणकट. त्यांना फक्त सिमेंटची पूड झटकून, दांड्याच्या खाचा पुसून ठेवायचं. ती पूड हवेतली ओल धरून ठेवते.

आता बॅटरी. इथे आपल्या गावचा उन्हाळा आडवा येतो. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात सावलीतला पारा त्रेचाळीसला टेकतो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल, कल्पना करा. तिथे दोन उन्हाळे काढलेली बॅटरी अकाली म्हातारी होते, आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. महिनाभर काम नसेल तर बॅटरी मशीनमधून काढा, साधारण निम्मी भरलेली ठेवा, म्हणजे चार दिव्यांपैकी दोन लागतील एवढी, आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली लवकर झिजते. पूर्ण रिकामी ठेवली तर इतकी उतरते की पुढे चार्जर तिला घेतच नाही. सुटी बॅटरी स्क्रूंच्या डब्यात टाकायची नाही. एखादा स्क्रू दोन टोकांमध्ये अडकला की शॉर्ट. आणि काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, आधी चहा घ्या.

दुकानदार अठरा व्होल्टचं आणि एकवीस व्होल्टचं मशीन म्हणून दोन भाव सांगतो, तेव्हा एक ध्यानात ठेवा. दोन्हींत बहुधा पाचच सेल असतात. सरासरी ३.६ व्होल्ट धरले तर १८, काठोकाठ भरल्यावर ४.२ धरले तर २१. पण आकडे जुळले म्हणून एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनवर बसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक चार्जरवर त्याच्या मशीनचं नाव चिकटवा. घरातल्या चार काळ्या ॲडॅप्टरांमध्ये तो मिसळला की गेला.

मशीनबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीबद्दल माझं मत जरा कडवट आहे. साइटवर न्यायला ती ठीक. घरात ती दुप्पट जागा खाते, आत काय आहे ते दिसत नाही, आणि आत फोम असेल तर पावसाळ्यात तो ओल धरतो. शिवाय पेटी बंद व्हावी म्हणून आपण वायर मशीनभोवती करकचून गुंडाळतो. वायर तुटते ती नेहमी मशीनच्या मुळाशी, रबरी बाहीजवळ. सैल वेटोळी करा, पट्ट्यानं बांधा आणि शेजारी टांगा.

मांडणी कामाप्रमाणे करावी. सगळी मशीनं एका कप्प्यात आणि सगळी बिटं दुसऱ्या, ही पद्धत फोटोत छान दिसते. पण भिंतीला भोक पाडायचं तर हॅमर, ६ आणि ८ मिलिमीटरची बिटं, त्याच मापाच्या गिट्ट्या (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात त्या), स्क्रू, पेन्सिल आणि चष्मा एकाच टोपलीत हवेत. टोपली उचलली की काम सुरू. चकची चावी मशीनच्या वायरला, प्लगच्या बाजूला बांधा. म्हणजे चक सोडवताना प्लग आपोआप बोर्डातून निघालेला असतो.

भिंतीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे १८ मिलिमीटर प्लायची पट्टी ४५ अंशांत चिरायची. एक अर्धी भिंतीला, दुसरी रॅकच्या पाठीला. रॅक वर उचलून हवा तिथे सरकवता येतो. खालची फळी कुठे लावायची हे आपल्याला विश्वामित्री नदीच्या पुरानं ऑगस्ट २०२४ मध्ये शिकवलं आहे. तुमच्या गल्लीत त्या वेळी पाणी जिथवर आलं, त्या खुणेच्या वर वीतभर. जमिनीवर फक्त शिकंजा आणि शिडी राहू द्या.

वर्षातून एकदा सगळं बाहेर काढायला खंडेनवमीसारखा दिवस नाही. पाऊस ओसरलेला असतो, गंज नुकता धरू लागलेला असतो. पूजेआधी चकत्यांच्या तारखा, कार्बनची लांबी, वायरची बाही बघून घ्या. हळदकुंकू मुठीला लावा, मोटरच्या जाळीत नको.

आणि उसनं नेणाऱ्यांचं काय? कारखान्याच्या टूलरूममध्ये पितळी बिल्ल्यांची रीत असते. कामगार हत्यार नेतो तेव्हा त्याच्या खुंटीवर स्वतःच्या नंबरचा बिल्ला अडकवतो. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नोकरी केलेल्यांना हे सांगायला नको. घरी पुठ्ठ्याचा तुकडा चालेल. खुंटीवर शेजाऱ्याचं नाव आणि तारीख. तो परत आला की मशीन घेण्याआधी चावी मोजून घ्या.