आराखड्यातील छप्पर बसत नसेल, तर आधी भिंती तपासा

नमस्कार. कोकणातील जुने घर दुरुस्त करायचे ठरले की गवंडी आणि सुतार यांना बोलावण्याआधी घरातील कोणीतरी संगणकावर आराखडा काढायला बसते, आणि हे अगदी योग्य आहे. भिंती पटापट उभ्या राहतात, दारे-खिडक्या बसतात. अडचण येते ती छपराच्या वेळी. कुठे भिंतीचे टोक कौलांतून वर डोकावते, कुठे भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट राहते, तर कुठे चौपाखी, म्हणजे चारी बाजूंनी उतरते, छप्पर मागितले असताना प्रोग्रॅम अर्धवट दुपाखी काढून थांबतो. अशा वेळी बहुतेक जण छपराचे पाखे माउसने ओढून जागेवर बसवू पाहतात. माझी आग्रहाची विनंती आहे की तसे करू नका. आपोआप छप्पर काढणारे प्रोग्रॅम ते भिंतींवरूनच मोजतात. त्यामुळे छपरात दिसणाऱ्या दोषाचे मूळ बहुतेक वेळा भिंतीत असते.

पहिली तपासणी भिंती एकमेकींना खरोखर जोडलेल्या आहेत का, याची करावी. स्क्रीनवर कोपरा जुळलेला दिसतो, पण बरेच मोठे करून पाहिले की दोन भिंतींच्या टोकांमध्ये एखाद्या सेंटिमीटरची फट आढळते. स्वीट होम थ्रीडी या मोफत प्रोग्रॅममध्ये याची सोपी परीक्षा आहे. खोली तयार करण्याचे साधन निवडून भिंतींच्या आत दोनदा क्लिक करा. घेर बंद असेल तर खोली लगेच तयार होते. होत नसेल तर कुठेतरी कोपरा उघडा आहे.

जुन्या घरांत हा कोपरा उघडा राहण्यामागे एक ठरावीक कारण असते. आपल्याकडील चिऱ्याच्या घरांचे कोपरे नेहमी काटकोनात नसतात, आणि प्रोग्रॅम मात्र रेघ ठरावीक अंशांकडे खेचत असतो. चारही बाजूंची मापे बरोबर घेऊनही शेवटची भिंत पहिलीला भेटत नाही ती त्यामुळेच. चार बाजूंच्या मापांवरून चौकोन ठरत नाही. त्यासाठी किमान एक कर्ण लागतो आणि दुसरा पडताळणीसाठी. टेप घेऊन माजघराच्या समोरासमोरील कोपऱ्यांमधली दोन्ही तिरपी अंतरे मोजा, प्रोग्रॅममधील रेघ खेचणारा चुंबकत्वाचा पर्याय बंद करा, आणि मगच त्या भिंती काढा.

दुसरी तपासणी जाडीची. स्वीट होम थ्रीडीमध्ये नवी भिंत साडेसात सेंटिमीटर जाड आणि अडीच मीटर उंच धरलेली असते. ज्याला चिऱ्याचे घर काढायचे आहे, त्याने पहिली रेघ ओढण्याआधीच ही दोन्ही मापे बदलावीत. जाडीचा छपराशी काय संबंध, असे वाटेल, म्हणून हिशेब करून पाहू. भिंत ३० सेंटिमीटर जाड आहे, तिचा माथा सपाट आहे, छपराचा उतार ३० अंशांचा आहे, आणि छपराची खालची बाजू भिंतीच्या मध्यरेषेवर बरोबर टेकवलेली आहे. मध्यरेषेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १५ सेंटिमीटर अंतर आहे आणि तेवढ्या अंतरात छप्पर सुमारे पावणेनऊ सेंटिमीटर खाली उतरते. म्हणजे भिंतीची बाहेरची कड तेवढी छपरात घुसते आणि आतल्या कडेला तेवढीच फट राहते. छप्पर पातळ फळीसारखे काढलेले असेल तर घुसलेली कड वरून स्पष्ट दिसते. भिंत सगळीकडे थोडी कमी केल्याने हा दोष जात नाही, उलट आतली फट वाढते. योग्य उपाय म्हणजे छप्पर कोणत्या रेषेवर टेकते ते ठरवून भिंतीचा माथा उताराप्रमाणे कापून घेणे. रेव्हिट या इमारतींचे आराखडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भिंत निवडून तिचा माथा छपराला जोडण्याची आज्ञा आहे. तिने हे काम नीट होते.

आता उताराचा आकडा. मंगलोरी कौलांची मूळ जागा मंगळूर; तेथे १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना सुरू केला. ही कौले एकमेकांत अडकतात, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा आणि समुद्रावरून आडवा येणारा पाऊस रोखायचा असेल तर उतार पुरेसा हवा, म्हणून मी ३० अंश धरतो. प्रोग्रॅमने मागितलेला आकडा मात्र अंशांतच असेल असे नाही. काही ठिकाणी तो बारा इंचांमागे चढ किती इंच, असा असतो. तिथे ३० लिहिले तर छप्पर ६८ अंशांवर उभे राहते. टक्क्यांच्या रकान्यात ३० लिहिले तर उतार १७ अंशांहूनही कमी भरतो. आपल्याला हवे असलेले ३० अंश बाराच्या हिशेबात जवळजवळ ७ होतात आणि टक्क्यांत ५८.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो केवळ स्क्रीनपुरता नाही. तो पडवीचा.

[स्क्रीनवर: घराचा उभा छेद, मुख्य भिंत, पडवी आणि वळचण]

मुख्य भिंत ३ मीटर उंच धरा, आणि तेच छप्पर ३० अंशांत पुढे २.४ मीटर रुंद पडवीवर उतरवा. पडवीच्या बाहेरच्या खांबांपर्यंत छप्पर १.३९ मीटर खाली येते. उरतात १.६१ मीटर. वळचण आणखी ६० सेंटिमीटर पुढे काढली की तिची कड १.२७ मीटरवर येते. पडवीची जमीन मुख्य घरापेक्षा ३० सेंटिमीटर खाली असली, तरी तिथून वळचणीची कड जेमतेम १.५७ मीटरवर राहते. इथे प्रोग्रॅममध्ये पडवीचे खांब नेहमीच्या अडीच मीटरचे ठेवलेले असतात, म्हणून ते कौले फोडून वर येतात, आणि आपण समजतो की छप्पर बिघडले. छप्पर बरोबर आहे. उंची आणि रुंदी यांचा मेळ बसलेला नाही.

यावर तीन मार्ग आहेत. मुख्य भिंत ३.६ मीटर केली तर पडवीच्या जमिनीपासून खांब अडीच मीटर आणि वळचणीची कड २.१७ मीटर उंच मिळते. पडवी १.८ मीटर रुंद केली तर उतरण १.०४ मीटरवर येते. पडवीला वेगळे, २२ अंशांचे छप्पर देण्याचा तिसरा मार्ग बरेच जण निवडतात. पण इतक्या कमी उतारावर पश्चिमेच्या पावसात कौलांच्या सांध्यांतून पाणी आत येण्याचा धोका असतो, त्यामुळे समुद्राच्या बाजूच्या पडवीसाठी मी तो सुचवणार नाही. जुनी पडवी तशीच राखायची असेल तर तिची खरी मापे घ्या आणि वाकून आत जावे लागते ही गोष्ट आराखड्यातही राहू द्या.

घर काटकोनात वळलेले असेल तर दोन छपरे जिथे भेटतात ती पन्हळ तपासावी. ६ मीटर रुंद भागाचे आढे, म्हणजे छपराचा सर्वांत वरचा कणा, भिंतीच्या माथ्यापासून १.७३ मीटर वर असते आणि ४ मीटर रुंद भागाचे १.१५ मीटर. उतार एकच ठेवला तर आढी एका उंचीवर येणार नाहीत, आणि येऊही नयेत. ती ओढून सारखी केली की उतार बदलतो आणि पन्हळीची रेघ सरकते. दोन्ही पाख्यांचा उतार सारखा असेल तर वरून पाहताना ती रेघ ४५ अंशांतच दिसली पाहिजे. पावसात गळती सर्वांत आधी इथे सुरू होते, म्हणून या रेघेबाबत तडजोड नको.

तयार छपराचे मॉडेल आणून बसवणाऱ्यांनी एवढेच पाहावे की त्याची रुंदी ताणताना उंचीही त्याच प्रमाणात वाढते आहे. ६ मीटरचे छप्पर नुसते ८ मीटर केले तर ३० अंशांचे २३ अंश होतात. स्केचअप या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये पाखा भरलाच जात नसेल तर त्याचे चारही बिंदू एकाच सपाट पृष्ठभागावर नाहीत असे समजावे. एक कर्णरेषा ओढून पाहा. दोन त्रिकोण भरले गेले तर शंका खरी, आणि मग चुकीच्या उंचीवर असलेला कोपरा शोधून दुरुस्त करावा. तो कोपराही बहुधा भिंतीच्या माथ्यावरच सापडतो.

सुताराला दाखवायला रंगीत चित्र पुरेसे नसते. मुख्य भिंत, पडवी आणि वळचण यांतून जाणारा एक उभा छेद काढा, त्यावर जोत्यापासून भिंतीच्या माथ्याची, आढ्याची आणि वळचणीच्या कडेची उंची लिहा, आणि तो कागद वासे कापण्याआधी त्यांच्या हाती द्या.