किवी एक नाही, पाच

(दृश्य: संग्रहालयातला लाकडी खण हळूहळू बाहेर येतो. आत ओळीने ठेवलेले, पेंढा भरलेले किवी. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.)

पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी आणला, एवढंच या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं. शाई विटलेली असते, काही ठिकाणी अक्षरही लागत नाही. पण किवीच्या जाती किती, या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षं अशाच खणांमधून शोधलं गेलं आहे. आणि ते अनेकदा बदललं आहे.

आज मान्य असलेलं उत्तर आहे पाच.

(दृश्य: रात्रीचं जंगल, इन्फ्रारेड कॅमेरा. पाचोळ्यात चोच खुपसत चाललेला किवी.)

हा पक्षी जगात फक्त न्यूझीलंडमध्ये आढळतो. अंगावरची पिसं बघा, नारळाच्या काथ्यासारखी. शेपटी नाही. पंख आहेत, पण इतके लहान की पिसांत दिसतसुद्धा नाहीत. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडाला एक उंच कड असते, उडण्याचे स्नायू तिला धरून असतात. किवीला ती कड नाही. नाकपुड्या थेट चोचीच्या टोकाशी आहेत. म्हणूनच तो असा जमीन हुंगत, फुरफुर करत चालतो आहे. मातीखालच्या अळीची हालचाल टिपणारे बारीक खळगेही त्याच टोकाला आहेत.

(दृश्य: अंडं पोटात असलेल्या मादीचा एक्स-रे.)

आणि हे अंडं. मादीच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा.

(दृश्य: जुन्या ग्रंथातलं रंगीत चित्र. पेंग्विनसारखा ताठ उभा असलेला किवी.)

अशा पक्ष्याला बसवायचं कुठे? कॅप्टन बार्कले यांच्या ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजातून एक कातडं इंग्लंडला पोहोचलं. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉ यांनी 1813 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं ऍप्टेरिक्स ऑस्ट्रॅलिस. जिवंत किवी त्यांनी कधीच पाहिला नाही. समोर होतं ते फक्त वाळलेलं कातडं. म्हणूनच चित्रातला पक्षी असा पेंग्विनसारखा उभा आहे. शॉ त्याच वर्षी वारले. पुढची कित्येक वर्षं, असा पक्षी खरोखर असतो का, अशी शंकाच घेतली जात होती. पुढे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी किवीचं विच्छेदन करून अवयवन् अवयव मांडला, तेव्हा तो शहामृग आणि एमूच्या गोतातला आहे हे पक्कं झालं.

शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवा: वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. पक्षी वर्गात किवीसाठी एक अख्खा गण आहे, ऍप्टेरिजिफॉर्मिस. त्यात कुल एकच, ऍप्टेरिजिडी. त्या कुलातली आज जिवंत असलेली प्रजातीही एकच, ऍप्टेरिक्स. एवढ्या मोठ्या फांदीला हिरवी राहिलेली पानं फक्त पाच.

(दृश्य: खणातले नमुने एकेक करून टेबलावर येतात.)

1847 मध्ये पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी सर्वांत लहान किवीला ओवेन यांचं नाव दिलं, ऍप्टेरिक्स ओवेनी. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी त्याला किवी पुकुपुकु म्हणतात. राखाडी अंग आणि त्यावर आडवे पट्टे. 1852 मध्ये उत्तर बेटावरचा तपकिरी किवी वेगळा झाला, ऍप्टेरिक्स मँटेली. याची पिसं बोटांना टोचतात. 1872 मध्ये दक्षिण बेटाच्या डोंगरांतला मोठा, पट्टेरी किवी, म्हणजे माओरींचा रोरोआ, याला निसर्गअभ्यासक थॉमस पॉट्स यांनी हास्ती हे नाव दिलं. शॉ यांचा ऑस्ट्रॅलिस म्हणजे दक्षिणेकडचा तपकिरी किवी, तोकोएका.

विसाव्या शतकात तपकिरी किवी पुन्हा एकाच जातीत गोळा केले गेले. उत्तर बेटापासून दक्षिण टोकाच्या स्ट्यूअर्ट बेटापर्यंतचे सगळे. दिसायला सारखे, मग जात एक, असा तो हिशेब होता.

(दृश्य: ओकारितोचं जंगल. रिमूची उंच झाडं, धुकं, शेवाळलेले बुंधे.)

हा हिशेब इथे मोडला. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे ओकारितोचं जंगल. इथल्या किवींची पिसं मऊ आणि करडी आहेत, काहींच्या तोंडावर पांढरे ठिपके आहेत. 1990 च्या दशकात त्यांचा डीएनए तपासला, तेव्हा हा वंश इतर तपकिरी किवींपासून फार पूर्वीच फुटल्याचं दिसलं. त्या वेळी जंगलात उरले होते जेमतेम 160 पक्षी. हजारो तपकिरी किवींच्या बेरजेत हे 160 मिसळून गेले होते. ते संपत आले आहेत, हे त्या बेरजेत कुणाला दिसणार?

2003 मध्ये या पक्ष्याला रीतसर नाव मिळालं, ऍप्टेरिक्स रोवी.

(दृश्य: उबवण केंद्रात दिव्यापुढे धरलेलं अंडं. मग पिल्लू. मग बोटीतून बेटावर नेलेल्या लाकडी पेट्या.)

अंडी जंगलातून आणून फ्रान्झ जोसेफ गावातल्या केंद्रात उबवायची. पिल्लं मोतुआरा बेटावर वाढवायची, कारण तिथे स्टोट हे शिकारी प्राणी नाहीत. पिल्लू साधारण एक किलोचं झालं की स्टोटशी झुंजू शकतं, मग त्याला परत ओकारितोला सोडायचं. आज रोवींची संख्या 160 च्या कितीतरी पुढे गेली आहे. पैसा, माणसं, बोटी, सगळं उभं राहिलं, कारण यादीत स्वतंत्र नाव होतं. हे आम्ही ठासून सांगतो.

(दृश्य: सापळ्यात अडकलेला स्टोट. नकाशा.)

स्टोट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, ससे आवरायला एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणलेला शिकारी प्राणी. जिथे सापळे लावलेले नाहीत तिथे किवीची शंभरातली जवळपास 95 पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात.

(दृश्य: प्रयोगशाळा. जुन्या हाडातून काढलेली चिमूटभर भुकटी.)

किवीचे सगेसोयरे कोण, हे कोडंही हाडांनीच सोडवलं. न्यूझीलंडमध्येच पूर्वी मोआ हे प्रचंड पक्षी होते. तेही उडत नव्हते, तेव्हा ते किवीचे भाऊबंद असणार असं धरून चाललं होतं. 1992 मध्ये जुन्या डीएनएचे अभ्यासक ऍलन कूपर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की किवी मोआपेक्षा ऑस्ट्रेलियाच्या एमू आणि कॅसोवरी या न उडणाऱ्या पक्ष्यांना जवळचे आहेत. मग 2014 मध्ये कूपर यांच्याच गटाने मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याच्या हाडांतून डीएनए मिळवला. किवीचा सर्वांत जवळचा नातेवाईक तो निघाला. शेकडो किलोंचा, माणसापेक्षा उंच हत्तीपक्षी आणि कोंबडीएवढा किवी! मध्ये अख्खा समुद्र. चालत कुणी आलेलं नाही. दोघांचे पूर्वज उडत होते, आणि पंख दोघांनी आपापल्या भूमीवर, वेगवेगळे गमावले.

(दृश्य: ओटागोमधलं सेंट बाथन्स. उघडा, मातकट कडा. तळहातावर मावेल असं हाड.)

या मातीतून निघालेल्या प्रोऍप्टेरिक्सचं वर्णन 2013 मध्ये झालं. वय किमान दीड कोटी वर्षं. किवीच्याच कुलाचा, पण अंगाने बारीक, आणि बहुधा उडणारा.

(दृश्य: पुन्हा संग्रहालय. मोठ्या पट्टेरी किवीचा नमुना, चिठ्ठीचं जवळून दृश्य.)

2021 मध्ये एक नाव पुन्हा बदललं. पॉट्स यांनी ज्या नमुन्यावरून हास्ती हे नाव दिलं होतं, त्याचा डीएनए तपासला गेला. तो मोठा पट्टेरी किवी नव्हताच. रोवी आणि किवी पुकुपुकु यांच्या संकरातून झालेला पक्षी होता तो! जवळपास दीडशे वर्षं एका जातीचं नाव दुसऱ्याच पक्ष्यावर टांगलेलं होतं. नामकरणाच्या नियमाप्रमाणे याच पक्ष्याचं 1861 मधलं जुनं नाव वर आलं आणि रोरोआ झाला ऍप्टेरिक्स मॅक्झिमा. कुणी तो नमुना टाकून दिला असता, तर ही चूक कधीच सापडली नसती. म्हणून संग्रहालयांना निधी मागताना संकोच करायचं कारण नाही.

(दृश्य: कापिती बेट, बोटीतून. किनारा जवळ येतो.)

1912 मध्ये या बेटावर पाच पुकुपुकु सोडले होते. मुख्य भूमीवरून ही जात गेली असं धरून चाललं होतं, इथे ती टिकली. 2025 मध्ये मात्र दक्षिण बेटाच्या दुर्गम रानातल्या पिसांचा डीएनए जुळला आणि कळलं, की पुकुपुकु तिथे अजून आहेत.

(दृश्य: हास्टचे बर्फाळ डोंगर. बर्फावरून चाललेला तांबूस किवी.)

जातींखालीही वंश आहेत. 2016 च्या जनुकीय अभ्यासात किवीचे 11 जिवंत वंश वेगळे ओळखू आले. हिमयुगांत बर्फाच्या नद्यांनी जंगलांचे तुकडे केले, त्या तुकड्यांत अडकून हे वंश घडले.

त्यांतला एक हा, हास्टचा तोकोएका. संख्या सुमारे 400. न्यूझीलंडच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या सरकारी यादीत तो आहे, पण ऍप्टेरिक्स ऑस्ट्रॅलिसपुढे नुसतं अवतरणचिन्हांत ‘हास्ट’ असं गावाचं नाव लिहून. रीतसर वर्णन आणि उपजातीचं नाव त्याला अजून मिळायचं आहे. ते काम आता व्हायला हवं.