२० नंबरचा व्हिसा

नमस्कार श्रोतेहो.

कुवेतला जाऊन आलेल्या बाईला तिथे काय काम करत होतीस, असं विचारावं लागत नाही. व्हिसा किती नंबरचा होता, एवढं विचारलं की पुरे. १८ म्हणाली तर कंपनी नाहीतर दुकान. २० म्हणाली तर कुणाचं तरी घर. स्वयंपाक, धुणं, फरशी, मुलं, म्हातारीची उठबस, सगळं त्यात आलं.

या दोन आकड्यांत फरक मोठा आहे. १८ वाल्याला कुवेतचा २०१० चा कामगार कायदा लागू होतो. २० वाल्यांना त्या कायद्यातून सरळ वगळलंय. त्यांच्यासाठी वेगळा कायदा यायला २०१५ साल उजाडलं. कायदा क्रमांक ६८. तो वाचला तर वाईट नाही हो. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम आणि त्यात विश्रांती. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा. नोकरी संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार. पुढे २०१६ मध्ये किमान पगार ६० दिनार ठरला. २०२१ मध्ये आपल्या सरकारने घरकामगारांबाबत कुवेतशी करारही केला.

मग अडतं कुठे? अडतं ते उंबरठ्यावर. कारखान्यात तपासनीस जाऊ शकतो. घरात कोण जाणार?

रत्नागिरीकडची माझ्या ओळखीतली एक बाई २० वर गेली होती. मुंबईच्या एजंटाने १०० दिनार सांगितले होते, हातात पडले ६०. पोचली त्याच संध्याकाळी ‘मामा’ने, म्हणजे घरच्या मालकिणीने, पासपोर्ट मागून घेतला. जपून ठेवते म्हणाली. एक अरबी कागद पुढे केला, हिने सही केली. आता गंमत बघा. त्या ६८ नंबरच्या कायद्यात चक्क लिहिलंय की कामगाराचा पासपोर्ट किंवा सिव्हिल आयडी मालकाने स्वतःकडे ठेवायचा नाही, तिच्या संमतीशिवाय. शेवटचे दोन शब्द ऐकलेत ना? ती सही म्हणजे संमती. तिला वाटलं, पगाराचा कागद असेल.

वर्षभराने सासरे वारले. घरी यायचं होतं. पासपोर्ट मिळेना. तशीच घर सोडून निघाली असती, तर मालकाने ‘पळून गेली’ अशी तक्रार नोंदवली असती आणि बिनगुन्ह्याची ही बेकायदेशीर ठरली असती. पण निघण्याआधी मुलाने पासपोर्टची झेरॉक्स काढून तिच्या ब्लाउजच्या खिशात शिवून दिली होती. ती झेरॉक्स आणि ‘बताका’, म्हणजे सिव्हिल आयडी, घेऊन सुट्टीच्या दिवशी भारतीय दूतावास गाठला. तिथून फोन गेल्यावर पासपोर्ट सुटला. दिवसकार्याला मात्र ती पोचली नाही.

आता इथल्या बाजूचं सांगते, कारण ते आपल्या हातात आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. असा पासपोर्ट असलेल्या बाईला घरकामासाठी आखाताकडे जायचं, तर वय किमान ३० हवं आणि भरती सरकारी संस्थेमार्फत हवी. केरळची नोर्का रूट्स अशीच एक. खाजगी एजंट कितीही गोड बोलला, तरी त्याला या बायकांची भरती करता येत नाही. मग तो काय करतो? टुरिस्ट व्हिसा काढतो. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईची नोंद ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर, होत नाही आणि तिच्या हातात नोकरीचा करारही नसतो. रीतसर गेलेल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना असते. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. पाहुणीला तेही नाही.

वयाच्या अटीवर माझा थोडा राग आहे, हेही बोलून टाकते. २६ वर्षांच्या बाईची गरज ३० पर्यंत थांबत नाही. अट तिला थांबवत नाही, आडवाटेने पाठवते. असो.

विचारपूस करायची असेल तर फुकटचा सरकारी नंबर आहे. पेन घ्या. १८००, ११, ३०, ९०.

ती रत्नागिरीची बाई आता गावातल्या मुलींचे कागद बघते. परवा मी तिच्याकडे बसले होते, तर एक मुलगी फोनवर आलेला व्हिसा दाखवायला आली. हिने चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला, आकडा शोधला.

“गो, हा तर टुरिस्टाचा.”

“एजंट म्हणाला, तिकडे गेल्यावर बदलून देतो.”

“बस जरा,” ही म्हणाली. “चहा टाकते. आणि त्या एजंटाला फोन लाव, मी बोलते.”