सावलीने मोजलेली खोली

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातील एक्झिटर येथे मध्ययुगीन कॅथीड्रल आहे. जॉन कार्टर या स्थापत्यकाराने मोजमापे घेऊन त्याची चित्रे काढली आणि लंडनच्या ‘सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज’ या पुरातत्त्वप्रेमींच्या संस्थेने ती छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून १७९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी पश्चिमेच्या दर्शनी भागाच्या चित्राविषयी आज बोलायचे आहे.

हा दर्शनी भाग म्हणजे एक सलग भिंत नव्हे. सर्वांत पुढे चौदाव्या शतकात सुरू झालेला मूर्तींचा दगडी पडदा आहे; त्यावर खाली देवदूत, मध्ये सिंहासनस्थ राजे आणि वर प्रेषित व संदेष्टे अशा रांगा आहेत. त्याच्या मागे भव्य खिडकीची भिंत आणि तिच्याही मागे छपराचा त्रिकोण. स्थापत्यकाराच्या ‘एलिव्हेशन’मध्ये, म्हणजे इमारतीच्या समोरच्या बाजूच्या मोजमापी चित्रात मात्र जवळचे मोठे आणि दूरचे लहान असे काहीच नसते, प्रत्येक दगड एकाच प्रमाणात मांडावा लागतो, त्यामुळे या तिन्ही पातळ्या नुसत्या रेघांत एकमेकींना चिकटून बसतात.

त्यांना सुटे करते ती जलरंगाची सावली. प्रकाश डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांनी येतो असे मानण्याचा स्थापत्यकारांचा रिवाज आहे. या हिशेबाने एखादा कोनाडा जितका खोल, तितकीच त्याच्या कडेची सावली रुंद पडते. म्हणजे पातळ रंगाचा तो पट्टा मोजला की दगडाची खोली हाती येते. गंमत अशी, की पश्चिमेच्या दर्शनी भागासमोर उभे राहिले असता डावा हात उत्तरेकडे असतो आणि तिकडून इतक्या उंचीवरून एक्झिटरमध्ये सूर्य कधीच प्रकाश टाकत नाही. अशक्य उन्हातले हे चित्र मला मात्र एखाद्या रम्य संध्याकाळच्या देखाव्यापेक्षा अधिक खरे वाटते.

कार्टरला अचूकतेचा ध्यास होता, त्यामागे रागही होता. जेम्स वायटसारखे नामांकित स्थापत्यकार जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या कॅथीड्रलांची मोडतोड करीत आहेत, असे त्याचे ठाम मत होते आणि १७९८ पासून ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तो त्याविरुद्ध सातत्याने लिहीत राहिला. एक्झिटरच्या पडद्यावरील काही मूर्ती पुढे बदलल्या गेल्या, तेव्हा आधीचे रूप तपासायला अशी चित्रेच उपयोगी पडतात. छापील प्रतींत मात्र रंगाच्या सावलीची जागा कोरीव रेघांच्या जाळीने घेतली आहे.